शेरलॉक होम्सप्रेमींचं मंडळ काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण नियमित एकत्र बसून होम्सच्या कथा वाचतो. आपल्या गावात असं मंडळ काढायचं तर काय काय करावं लागतं, हे विचारणारे वाचक अधूनमधून भेटतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे मंडळ म्हणजे नेमकं काय? फॅन क्लबच ना?

फॅन क्लब म्हणायला हरकत नाही, पण होम्सच्या मंडळांची एक खास रीत आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सवर ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. पहिली कादंबरी १८८७ मध्ये आली, शेवटची कथा १९२७ मध्ये. गुप्तहेर होम्स आणि त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन खरोखर होऊन गेले, कथा वॉटसनने लिहिल्या आणि डॉयल हे फक्त त्याचे साहित्यिक एजंट, असं धरून हे ६० मजकूर वाचायचे. मग त्यांतल्या तारखा, पत्ते, हवामान, रेल्वेच्या वेळा सगळं ऐतिहासिक कागदपत्रांसारखं तपासायचं. विसंगती सापडली की ‘लेखक विसरला’ म्हणून सुटका करून घ्यायची नाही. खुलासा शोधायचा, आणि तो मजकुराच्या आतूनच यायला हवा.

ही पद्धत रुजली ती इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डला वाचलेल्या निबंधापासून. पुढे रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी बजावून ठेवलं की हा खेळ लॉर्ड्सवरच्या काउंटी सामन्याइतक्याच गांभीर्याने खेळला पाहिजे, थोडी जरी थट्टा शिरली तरी त्याची रंगत जाते. आमचा अनुभव अगदी हाच आहे.

म्हणजे बैठकीत प्रत्यक्षात करायचं काय? एखादं उदाहरण द्या ना.

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा घ्या. होम्स आणि वॉटसन आगगाडीने डेव्हनकडे निघाले आहेत. होम्स खिडकीबाहेर बघतो, घड्याळाकडे बघतो आणि सांगतो की आपण ताशी साडेत्रेपन्न मैलांनी चाललो आहोत. तारेचे खांब ६० यार्डांवर आहेत, हिशेब सोपा आहे. वाचताना आपण हे वाक्य सहज ओलांडून जातो. मंडळात त्यावर थांबायचं आणि कागद-पेन्सिल काढायची. ताशी ५३.५ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २६ यार्ड, म्हणजे दर २.३ सेकंदांना एक खांब. आता ५३ नाही, ५४ नाही, नेमका साडेत्रेपन्न हा वेग ठरवायचा तर किती वेळ मोजावं लागेल? दोन मिनिटं मोजलं तर ५३.५ च्या वेगाला ५२.३ खांब जातात आणि ५४ च्या वेगाला ५२.८. फरक जेमतेम अर्ध्या खांबाचा. म्हणजे होम्सने वॉटसनशी बोलता बोलता किमान दोन मिनिटं पन्नासेक खांब बिनचूक मोजले असले पाहिजेत. मग तो आकडा अर्ध्या मैलापर्यंत सांगणं ही खरी अचूकता होती की मित्रापुढे थोडी मिरवामिरव? यावर इंजिनियर, गणिताच्या बाई आणि कॉलेजातली मुलं तासभर हिरीरीने भांडू शकतात.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं आहे. ‘द स्पेकल्ड बँड’ ही डॉयल यांची स्वतःची सर्वांत आवडती कथा, १९२७ मध्ये त्यांनी केलेल्या यादीत तिला पहिला क्रमांक होता. तिच्यातला साप म्हणे भारतातला सर्वांत जहाल ‘स्वॅम्प ॲडर’. या नावाचा साप भारतात नाही. कथेत तो दूध पितो, शिट्टी ऐकून परत येतो आणि घंटेच्या दोरीवरून चढतो-उतरतो. आता सर्पमित्राला बैठकीला बोलवा. दूध हे सापाचं अन्न नाही, त्याला बाहेरचे कान नसतात आणि जमिनीतून येणारी कंपनं त्याला जास्त कळतात, हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगेल. पण आपण तिथे थांबायचं नसतं. वॉटसनने वर्णन केलंय: पिवळट पट्टा, त्यावर तपकिरी ठिपके, चपटं शंकरपाळ्याच्या आकाराचं डोकं आणि फुगलेली मान. डोकं घोणसचं वाटतं, मान नागाची. चावा बसल्यावर माणूस दहा सेकंदांत गेला, असं होम्स म्हणतो. घोणस चावल्यावर इतक्या लवकर कुणी जात नाही. मग वॉटसनने सापाची जात मुद्दाम लपवली का? चावा बसलेल्या त्या माणसाच्या, डॉक्टर रॉयलॉटच्या, मृत्यूचं कारणच वेगळं होतं का? नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला या वादात लंडनच्या वाचकापेक्षा जास्त बोलता येतं. मराठी मंडळ काढण्यात खरा अर्थ आहे तो इथे.

किती माणसं जमल्यावर सुरुवात करावी?

दोन. हे मनाचं सांगत नाही. ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ या न्यूयॉर्कच्या मंडळाची जी मूळ नियमावली आहे, तिच्यात विशेष सभा तीनपैकी कुणीही एक सभासद बोलावू शकतो आणि दोघे आले की गणसंख्या पूर्ण. त्याच नियमावलीत म्हटलंय की उरलेलं सगळं कामकाज मासिक सभेत होईल, आणि लगेच पुढे, मासिक सभा होणार नाही.

पाच-सात जण नियमित येत असतील तर मंडळ उत्तम चाललंय असं समजा. पंधराच्या वर माणसं गेली की बोलणारे चौघेच उरतात. तेव्हा दोन गट करावेत.

याआधी कुणी हे केलंय? त्यांच्याकडून काय घ्यावं?

भरपूर जणांनी केलंय. १९३४ हे मोठं वर्ष. त्या वर्षी न्यूयॉर्कला लेखक ख्रिस्तोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने इरेग्युलर्स सुरू झाले आणि लंडनलाही होम्स सोसायटी निघाली. लंडनची ती सोसायटी काही वर्षांत थंडावली. नंतर १९५१ मध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने मेरिलबोनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने बेकर स्ट्रीटवर होम्सचं प्रदर्शन भरवलं, त्याची दिवाणखान्याची खोली हुबेहूब उभी केली. प्रदर्शन संपल्यावर जमलेल्या मंडळींना पांगावंसं वाटेना. त्यातून आजची ‘शेरलॉक होम्स सोसायटी ऑफ लंडन’ उभी राहिली. तिचे सभासद १९६८ मध्ये व्हिक्टोरियन पोशाख घालून स्वित्झर्लंडला रायशेनबाख धबधब्यावर, म्हणजे कथेत होम्स आणि त्याचा वैरी मोरिआर्टी जिथे भिडतात तिथे, जाऊन आले. जपानमध्ये १९७७ पासून मोठा होम्स क्लब आहे. आपल्याकडेही ‘शेरलॉक होम्स सोसायटी ऑफ इंडिया’ आहे, तिच्या नियतकालिकाच्या नावात ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीतलं पाँडिचेरी लॉज हे घर आहे.

लंडनच्या गोष्टीतून घेण्यासारखी एक गोष्ट: ग्रंथालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहेच. ग्रंथपालांना भेटा, महिन्यातून एक संध्याकाळ खोली मागा, बदल्यात काचेच्या कपाटात होम्सच्या पुस्तकांची छोटी मांडणी करून द्या. वाचक स्वतःहून वाचनालयात येतात ही गोष्ट ग्रंथपालांना मनापासून हवी असते.

सभासद कसे निवडायचे? परीक्षा घ्यावी का?

दोन्ही पद्धती जगात आहेत. इरेग्युलर्सनी सुरुवातीला १९३४ मध्ये एका साप्ताहिकात शब्दकोडं छापलं, ते बरोबर सोडवतील ते सभासद. आज तिथे अर्ज करून जाता येत नाही, बोलावणं यावं लागतं. लंडनच्या सोसायटीत वर्गणी भरली की कुणालाही प्रवेश आहे.

माझं मत स्पष्ट आहे: दार उघडं ठेवा. इरेग्युलर्सच्या इतिहासातच याचा धडा आहे. कित्येक दशकं तिथे स्त्रियांना सभासदत्व नव्हतं. १९६० च्या दशकात काही विद्यार्थिनींनी त्यांच्या वार्षिक जेवणाच्या ठिकाणाबाहेर फलक घेऊन निदर्शनं केली आणि ‘ॲडव्हेंचरेसेस ऑफ शेरलॉक होम्स’ हे स्वतःचं मंडळ चालवलं. इरेग्युलर्सचं दार स्त्रियांसाठी उघडलं ते १९९१ मध्ये. ज्या होम्सला कथेतल्या आयरीन ॲडलर या बाईने मात दिली, त्याच्या नावाच्या मंडळाला हे समजायला इतकी वर्षं लागावीत याचं मला आजही वाईट वाटतं.

परीक्षा हवीच असेल तर प्रवेशानंतर घ्या. इरेग्युलर्सचा जुना नियम असा की एखाद्याने कथेतलं वाक्य म्हणून दाखवायचं, ज्याला ते कुठल्या कथेतलं आणि कुठल्या प्रसंगातलं हे सांगता येणार नाही त्याने सगळ्यांना पेय पाजायचं. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर आलं नाही तर त्याने पाजायचं. आम्ही हा नियम चहावर चालवतो.

नोंदणी करावी लागते का?

घरी किंवा वाचनालयात जमून वाचायला कसलीही नोंदणी लागत नाही. मोठ्या प्रमाणात वर्गणी गोळा करायची, संस्थेच्या नावाने बँकेत खातं काढायचं, देणग्या किंवा अनुदान घ्यायचं ठरलं तरच तिकडे वळा. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होतं आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेबाचं ऑडिट आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हे मागे लागतं. पहिली काही वर्षं त्या वाटेला न गेलेलं बरं. खर्चासाठी वही घाला, एकाला खजिनदार करा, पुरे.

नाव काय ठेवावं?

परदेशी मंडळांची नावं कथांतून आली आहेत: न्यूयॉर्कचं ‘फाइव्ह ऑरेंज पिप्स’, बोस्टनचं ‘स्पेकल्ड बँड’, फिलाडेल्फियाचं ‘सन्स ऑफ द कॉपर बीचेस’. आपल्याला तर एक अस्सल धागा मिळालाय. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’च्या पहिल्याच पानावर वॉटसन मुंबईला उतरतो. तिथून तो अफगाणिस्तानात जातो, २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागते. त्या लढाईत वॉटसनच्या बर्कशायर पलटणीबरोबर मुंबईच्या लष्करातल्याही दोन पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. वॉटसनला तिथून वाचवतो तो त्याचा अर्दली मरे, जखमी वॉटसनला सामानाच्या घोड्यावर टाकून. मरे नसता तर पुढची एकही कथा लिहिली गेली नसती, आणि त्याचं नाव कुठल्या मंडळाला दिलेलं मी ऐकलेलं नाही. मुंबईकरांनी विचार करावा.

नावाबरोबर गावाचं नाव जोडा, म्हणजे गोंधळ होत नाही.

कुठल्या कथेपासून सुरुवात करावी?

‘द रेड-हेडेड लीग’ किंवा ‘सिल्व्हर ब्लेझ’. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’पासून करू नका. ती पहिली आहे हे खरं, पण तिचा अर्धा भाग अमेरिकेत युटामध्ये घडतो, तिथे होम्स दिसतच नाही आणि नवखा वाचक गळतो. दहा-बारा कथा झाल्यावर तिच्याकडे या. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ पावसाळ्यात ठेवा, लागोपाठ तीन-चार बैठका. ‘केस-बुक’ या शेवटच्या कथासंग्रहातल्या शेवटच्या काही कथा कमकुवत आहेत. मला त्या आवडत नाहीत, पण गाळू मात्र नयेत, कारण कथा कुठे आणि का ढासळते हे शोधणंही वाचनच आहे.

एका बैठकीला एकच कथा. आणि प्रत्येकाने ती त्याच आठवड्यात पुन्हा वाचून यायची, लहानपणी वाचली होती यावर भागवायचं नाही. मंडळ टिकतं की विरतं हे यावरच ठरतं. सुंदर बोधचिन्ह आणि छापील ओळखपत्रं असलेली मंडळं न वाचता आलेल्या सभासदांमुळे बंद पडतात.

मराठीतून चालवलं तर चालेल का?

अवश्य. चर्चा मराठीत, मजकूर ज्याला जो जमेल तो. मराठीत होम्सचे अनुवाद बरेच आहेत, पण काही संक्षिप्त आहेत आणि खांबांच्या हिशेबासारखी वाक्यं नेमकी तिथेच गाळलेली असतात. म्हणून बैठकीत किमान एक मूळ इंग्रजी प्रत टेबलावर हवी. शंका आली की ते वाक्य मोठ्याने वाचायचं आणि तिथल्या तिथे मराठीत समजून घ्यायचं. शाळकरी मुलं आणि इंग्रजीची सवय नसलेली आजोबा मंडळी अशा वेळी फार चांगले प्रश्न विचारतात, कारण त्यांनी काहीच गृहीत धरलेलं नसतं.

कॉपीराइटचं काय?

डॉयल १९३० मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे मूळ इंग्रजी कथा इथे मुक्त आहेत. अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मुक्त झाल्या. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा, तो वेगळा मोजतात. मराठी पुस्तकांच्या झेरॉक्स काढून वाटू नका, प्रती विकत घ्या.

काही जण फक्त मालिका बघून येतात. त्यांना घ्यावं का?

हो, आनंदाने. जुन्या टीव्ही मालिकेतला जेरेमी ब्रेटचा होम्स बघून किंवा बीबीसीची २०१० ची मालिका बघून आलेली माणसं कथांपर्यंत पोचतात, फक्त त्यांना हिणवायचं नाही. त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी एक छोटी प्रश्नमंजुषा ठेवा. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य साठांपैकी कुठल्या कथेत आहे? कुठल्याच नाही. ती दोन टोकांची टोपी कुठून आली? मुख्यतः चित्रकार सिडनी पॅजेट यांच्या चित्रांतून. डॉक्टर वॉटसनची जखम खांद्याला की पायाला? पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. शेवटच्या प्रश्नावर मालिका बघून आलेला माणूस पुस्तक मागून घेऊन जातो.

खाण्यापिण्याचं काय ठेवावं?

‘द नेव्हल ट्रीटी’मध्ये होम्सची घरमालकीण मिसेस हडसन न्याहारीला चिकन करी वाढते आणि शेजारच्या झाकणाखालून हरवलेला करार निघतो. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये तबेल्यातल्या मुलाच्या मटण करीत अफूची पूड मिसळलेली असते, आणि होम्सचा सगळा तर्क त्यावर उभा आहे: अफूची चव झाकेल असं तिखट जेवण त्याच रात्री व्हावं, हे बाहेरच्या माणसाच्या हातात नव्हतं. झणझणीत रस्सा रोज खाणाऱ्यांना हा तर्क चटकन पटतो. वार्षिक जेवणाला हे दोन्ही पदार्थ ठेवा, शाकाहारी मंडळींसाठी वेगळं काही. एरवी चहा आणि चिवडा.

वर्षाचे ठरलेले दिवस कोणते?

६ जानेवारी हा होम्सचा वाढदिवस. कथांत तो कुठेच दिलेला नाही, मॉर्लींनी तो ठरवला आणि सगळ्यांनी मानला. आपल्याकडे त्याच दिवशी ‘दर्पण’च्या स्मरणार्थ पत्रकार दिन असतो, त्यामुळे सभागृह आधीच धरून ठेवा. ४ मे हा रायशेनबाखचा दिवस, १८९१ साली होम्स आणि मोरिआर्टी तिथे समोरासमोर आले. मराठी मंडळांनी २७ जुलैही पाळावा, मैवंदसाठी.

लंडनला गेलो तर काय बघावं?

बेकर स्ट्रीटवरचं संग्रहालय १९९० मध्ये उघडलं. दारावर २२१ बी हा होम्सचा कथेतला घरक्रमांक असला तरी ते २३७ आणि २४१ या क्रमांकांच्या मधे आहे. १९५१ च्या प्रदर्शनातली खोली बघायची असेल तर नॉर्थम्बरलंड स्ट्रीटवरच्या ‘शेरलॉक होम्स’ पबमध्ये जा, ती तिथे मांडून ठेवली आहे. मला संग्रहालयापेक्षा ती जास्त आवडते. तिथल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे आणि त्याच्या डॉलिस हिलच्या वास्तूपासून बेकर स्ट्रीट एकाच ज्युबिली लाइनवर आहे. तिथे मराठी होम्स मंडळ निघायला काहीच अडचण नाही.

होम्सऐवजी दुसरा गुप्तहेर घेतला तर?

घ्या की. फेलूदा, ब्योमकेश बक्षी, हर्क्युल पॉयरो कुणीही चालेल. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आहेत, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि फिरोज इराणी आहेत. अडचण असते ती पुस्तकं मिळण्याची. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, पण आज एकाच कथेच्या सात प्रती जमवणं कठीण. म्हणून अशा मंडळाने पहिलं वर्ष शोधण्यातच घालवावं: रद्दीवाले, जुनी वाचनालयं, घरातले माळे. काय सापडलं, कुठल्या साली छापलं, मुखपृष्ठ कसं होतं, याची सूची करावी. ही सूची म्हणजे मराठी वाचनाच्या इतिहासाचंच काम होईल आणि ते लवकर व्हायला हवं, कारण तो कागद झपाट्याने तुटतो आहे. या लेखकांचे हक्क अजून चालू आहेत, तेव्हा परवानगीशिवाय काही छापू नका.

टिपणं, इतिवृत्तं जपून ठेवावीत का? कोण वाचणार?

नक्की ठेवा. इरेग्युलर्सचं ‘बेकर स्ट्रीट जर्नल’ १९४६ पासून आहे, लंडनच्या सोसायटीचं जर्नल १९५२ पासून. त्यांत बँक कारकून, डॉक्टर, वकील अशा हौशी वाचकांनी लिहिलेली टिपणं आहेत आणि आजही एखाद्या कथेचा अभ्यास करताना तीच उघडावी लागतात. प्रत्येक बैठकीनंतर एकाने दोन पानं लिहावीत: कथा कोणती, प्रश्न कोणते निघाले, काय पटलं, काय सुटलं नाही. सर्पमित्राने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. वर्षअखेरीस ही पानं बांधून एक प्रत वाचनालयाला द्या आणि ग्रंथपालांकडून दाखलअंक (वाचनालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) घालून घ्या. कपाटात नुसती ठेवलेली वही पुढच्या साफसफाईत जाते.